प-सात निरोगी आहे

३ जून

वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. म्हणजे जसं असतं तसं. फोनवर आपण "जेवलीस का" आणि "हो" याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आज एक जाहिरात पाहिली. पीएच.डी.ची जागा, एकच. मूलपेशींपासून मेंदूच्या पेशी तयार करायच्या आणि त्या कशामुळे मरतात ते शोधायचं. प्रयोगशाळेचं नाव वाचलं तेव्हा मी चहा गाळत होते. गाळून घेतला, प्यायले, मग पुन्हा वाचलं. दादाने कातडीचा तुकडा दिला होता ती हीच प्रयोगशाळा.

तुला आठवत असेल. त्याचा हात नुकताच ऐकेनासा झाला होता, डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं, आणि त्याने डावा दंड पुढे केला. "माझ्या नाही तर कुणाच्या तरी उपयोगी पडू दे," म्हणाला. त्या कातडीच्या पेशींना उलट्या पावली मागे नेतात, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकेल अशा अवस्थेला. तीच मूलपेशी. मग तिच्यापासून त्या माणसाच्या मेंदूच्या पेशी वाढवतात. काचेच्या डिशमध्ये, खाऊपिऊ घालून.

अर्जात एक प्रश्न आहे. "नमुना दिलेल्या व्यक्तींपैकी कुणी आपले नातेवाईक आहे काय? होय / नाही." बाकी सगळा अर्ज भरून झाला. इथे येऊन थांबले आहे.

तो गेल्याला चौदा महिने झाले. कुणी विचारलं तर मी सांगते, फार वाईट वाटतं. तसं सांगितलं की विषय संपतो. खरं म्हणजे मला काहीच वाटत नाही. तिथे गेले तर वाटेल, असं काहीतरी डोक्यात आहे. काय करू, कळव.

तुझी नणंद


९ जून

वन्सं,

"तुझी नणंद" काय? माझ्या पदरात दहा-बारा नणंदा आहेत का, ओळख द्यायला?

आधी महत्त्वाचं. "नाही"वर खूण कर. हात दाखवून अवलक्षण कशाला? जागा एक, अर्ज शंभर. त्यांना नाव गाळायला निमित्तच हवं असतं, तू आपण होऊन ताटात वाढून देणार. आपलं आडनाव तरी कुठे दुर्मीळ आहे! निम्म्या गावाचं तेच. खोटं बोलायला मीही कुणाला शिकवत नाही, ढब्बूला तर मुळीच नाही, लेक नऊ वर्षांची झाली तरी कान धरते. पण हे काही खोटं नाही. तुझा भाऊ आता कुणाचाच नातेवाईक नाही. लिहिलं बघ काहीतरी. असू दे, खोडत नाही.

इकडे चष्म्याच्या दुकानात मी आता काउंटरवरून आत गेले. काचा घासून फ्रेमला बसवते. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागत नाही, हे बरं. मालक म्हणतात, तुमच्या जिभेला आतच ठेवलेलं चांगलं.

तुला काही वाटत नाही म्हणतेस. मलाही दिवसभर काही वाटत नाही. पण मला पोळ्या लाटायच्या असतात, त्यामुळे ते लक्षात येत नाही.

तिथे गेलीस तर तो कसा आहे बघ. म्हणजे त्या पेशी.

वहिनी


२६ ऑगस्ट

वहिनी,

जागा मिळाली. "नाही"वर खूण केली होती.

मुलाखतीत प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी एकच अवघड प्रश्न विचारला. "रविवारी येशील का?" पेशींना रोज नवं पाणी लागतं, पाणी म्हणजे त्यांचं पोषक द्रव. एक दिवस चुकला की उपास, दोन दिवस चुकले की गेल्या. मी म्हटलं, रविवारी मला दुसरं काही नसतं. मॅडम म्हणाल्या, "हे उत्तर आजवर सगळ्यांनी दिलंय, पण तुझ्याबाबतीत खरं वाटतंय."

खोली लहान आहे. एका भिंतीला इन्क्युबेटर, सदतीस अंशांवर ठेवलेलं कपाट. समोर काचेची पेटी, तिच्यात हात घालून काम करायचं. हातमोज्यांवर सारखं स्पिरिट मारायचं. माझी बोटं सोलून निघाली आहेत. इथे माणसांना नावं नसतात, कोड असतात. आजारी माणसांचे प, निरोगी माणसांचे न. आजाऱ्यांच्या पेशी निरोग्यांशी ताडून बघायच्या, एवढंच काम.

पहिल्या आठवड्यात मला एक साफसफाई दिली. न-तीन म्हणून एका निरोगी माणसाच्या पेशी होत्या, पण धड वाढायच्याच नाहीत. मेंदूच्या पेशी केल्या की दोन महिन्यांत सुकून जायच्या. सगळे त्याला "रडका" म्हणायचे. "माल खराब निघाला," सीनियर म्हणाला. फ्रीजरमधली शेवटची नळीही काढून वाढवून पाहिली होती, तीही तशीच. मला सांगितलं, ब्लीच ओत आणि टाकून दे. ओतलं, टाकून दिलं. स्वतंत्रपणे केलेलं पहिलं काम म्हणून सीनियरने टाळ्या वाजवल्या.

मग मला प-सात दिल्या. रजिस्टर उघडलं. पुरुष, चौतीस वर्षं, डावा दंड, तारीखही तीच. वहिनी, प-सात म्हणजे दादा.

मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गोल गोल पुंजके. छातीत काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. मग पाणी बदललं आणि झाकण लावलं.

तुझी


४ सप्टेंबर

वन्सं,

अभिनंदन. पेढे मी माझे मलाच आणून खाल्ले. ढब्बूला सांगितलं, आत्याला बढती मिळाली.

तू लिहिलंस "पुंजके" आणि पुढे सरकलीस! अगं, मी चार वेळा पत्र वाचलं, मागे काही लिहिलंय का बघितलं, पाकीट फाडून आत बघितलं. नीट लिही की. रंग कसा? हलतात का? रोज तूच बघतेस ना, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस.

आता एक सरळ विचारते, सरळ सांग. हे रक्तातून येतं का? डॉक्टर "सांगता येत नाही" म्हणून हात झटकतात, आणि ढब्बूला दरवर्षी तपासणीला आणा म्हणतात. तिच्या हातून पेला सुटला तरी मी तिला दुसरा पेला धरायला लावून बघते. पोरीच्या हातून पेले सुटतातच, मला कळतं. पण तुझ्या समोर ठेवलंय ना ते. बघून सांग.

वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

उशीर झाला. सांगण्यासारखं काही हाती यायची वाट पाहत होते.

आता आलं आहे. प-सातच्या मेंदूच्या पेशी मी चार महिने सांभाळल्या. बाकीच्या आजाऱ्यांच्या पेशी साठाव्या दिवसापासून आक्रसायला लागतात. प-सातच्या एकशेवीस दिवस झाले तरी तशाच आहेत. लांब लांब फांद्या, एकमेकींना जोडलेल्या. रंग म्हणशील तर नसतोच, पाण्यातल्या काचेसारख्या दिसतात. आणि हो, बारीकशा थरथरतात. निरोगी पेशी जशा असतात अगदी तशा.

मॅडम रोज येऊन बघतात. त्यांचं म्हणणं, या माणसाचा आजार पेशींत नव्हताच, बाहेरून काहीतरी झालं असणार. एप्रिलअखेर शोधनिबंध पाठवायचा आहे. त्यात माझं नाव असेल.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर, रक्तातून आलेलं दिसत नाही. मी हे "दिसत नाही" असं लिहिते आहे, तू तसंच वाच.

सीनियर म्हणतो मी प-सातला लाडावून ठेवलंय. पेशी वाढल्या की निम्म्याहून जास्त फेकाव्या लागतात, नाहीतर गर्दीने मरतात. मला फेकवत नाहीत. मी जास्तीच्या डिश मागच्या फळीवर लपवते. वाईट वाटतं म्हणून नाही. हात पुढे होत नाही, इतकंच.

तुझी


२५ जानेवारी

वन्सं,

जीव भांड्यात पडला! पत्र दुकानात आलं, वाचलं आणि मी मशीन बंद करून पायरीवर जाऊन बसले. मालक म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, नवरा बरा आहे." ते घाबरून आत गेले. घाबरणारच ना, हार घेऊन तेच आले होते.

तू "दिसत नाही" लिहिलंस ते मी "नाही" असं वाचलं. मला जेवढं पचतं तेवढंच मी खाते.

काल पहिल्यांदा सलग झोपले. ढब्बूला सायकल घेतली. मागच्या वर्षापासून मागत होती, मी तोल जाईल म्हणून टाळत होते. पडली, गुडघा फोडून घेतला, मी हसले. पोरगी रडायची थांबून माझ्या तोंडाकडेच बघत राहिली.

त्या जास्तीच्या डिश राहू देत. कुणी ओरडलं तर माझं नाव सांग.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र बसून वाच. ढब्बू शाळेत गेल्यावर.

आमच्याकडे रीत आहे. नवी पद्धत शिकायची तर आधी स्वतःवर. शोधनिबंधासाठी पेशींची ओळख पटवावी लागते, त्याचं मशीन आलं. मी गालाच्या आतून काडी फिरवून माझा नमुना घेतला, हात बसावा म्हणून. त्याच दिवशी प-सातचाही लावला. दोन्हींचे निकाल एकाच कागदावर आले, एकाखाली एक.

पेशीत फक्त आईकडून मुलांना येणारा एक भाग असतो. एका आईच्या सगळ्या लेकरांत तो तंतोतंत सारखा. माझा आणि प-सातचा सारखा नाही. मी तीनदा केलं. चौथ्यांदा करायला काडी उचलली आणि खाली ठेवली.

प-सात दादा नाही, वहिनी.

मग मी फ्रीजरचं जुनं रजिस्टर काढलं. तीन वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याची नोंद आहे. दोन नळ्यांवरची शाई स्पिरिटने पुसली गेली, म्हणून खोक्यातली जागा यादीशी जुळवून कोड पुन्हा लिहिले. खोक्याच्या एका कोपऱ्याला खाच असते, तिथून मोजायचं. त्याने खोका उलटा धरला असणार. पहिल्या घरातली नळी शेवटची झाली, शेवटची पहिली. पहिल्या घरात न-तीन होता. शेवटच्या घरात प-सात.

म्हणजे मी ज्याला आठ महिने भरवलं तो कुणीतरी धडधाकट अनोळखी माणूस आहे. आणि रडका म्हणजे दादा. दोन महिन्यांत सुकून जाणारा तो.

त्याच्यावर मी ब्लीच ओतलं. नळी आता एकही नाही, मी पाच वेळा शोधलं.

हे माझ्याशिवाय कुणालाही कळणार नाही. मूळ कातडीचा तुकडा कधीच संपलाय, ताडून बघायला दुसरं काही नाही, फक्त माझा गाल. मी बोलले तर खोटी खूण उघड होते, जागा जाते. नाही बोलले तर शोधनिबंध छापायला जातो, आणि हा आजार पेशींत नसतोही असं तुझ्यासारख्या कितीतरी बायका वाचतील.

तुला जानेवारीत जे लिहिलं ते चूक होतं. खरं काय ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण रडक्याकडे बघितलं तर भीती खरी असावी.

मला रडू येत नाही. पेशींना आजही पाणी घातलं. त्यांचा काय दोष.

तुझी


८ एप्रिल

वन्सं,

तुझं पत्र तू सांगितलंस तसं बसून वाचलं. मग उठून एक पातेलं आपटलं. मग दुसरं. शेजारीण विचारायला आली, म्हटलं, भांडी घासतेय.

तुझ्यावर राग आहे का? आहे. त्या खोका उलटा धरणाऱ्या दीडशहाण्यावर आहे, तुझ्या मॅडमवर आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. ऐक का ते. ढब्बूची तपासणी फेब्रुवारीत होती. मी नेलंच नाही. तुझं पत्र पर्समध्ये ठेवून फिरत होते, दवाखान्यातून फोन आला तर ठसक्यात म्हणाले, "आमच्यात तसलं काही नाही." तुला कळवलं नाही, कारण तू "दिसत नाही"ची सूचना पुन्हा लिहिली असतीस.

आमच्या दुकानातही असं झालंय. दोन गिऱ्हाइकांचे चष्मे अदलाबदल झाले, माझ्याच हातून. महिनाभर दोघांपैकी कुणी ब्र काढला नाही. एक म्हणाला, मला वाटलं नवीन नंबर आहे, सवय होईल. माणूस चुकीच्या काचेतूनही बघत राहतो गं. कुणीतरी दिलंय म्हणजे बरोबरच असणार.

आता काय करू असं तू विचारलेलं नाहीस. बरं केलंस. मागचा सल्ला दिला तोच नडला. झाकली मूठ ठेवायला मी सांगणार नाही आणि उघडायलाही सांगणार नाही. मी सोमवारी ढब्बूला घेऊन जातेय, एवढं माझं मी ठरवलंय.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

सांगितलं.

मॅडमनी कागद हातात घेतला. मला वाटलं मशीनबद्दल विचारतील. त्या म्हणाल्या, "भाऊ?" मी म्हटलं, "थोरला." मग त्यांनी माझा अर्ज काढायला लावला, त्या प्रश्नावर बोट ठेवलं. "हा प्रश्न तुम्हाला बाहेर ठेवायला नाही घातलेला. आपल्याच माणसाचं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून घातलाय. 'होय' लिहिलं असतंस तरी घेतलं असतं तुला. दुसऱ्या पेशी दिल्या असत्या." मी म्हटलं, "मला त्याच हव्या होत्या." त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

जागा गेली. खोटी माहिती दिली म्हणून समितीला पर्याय नव्हता, मॅडम माझ्या बाजूने बोलल्या असं सीनियर सांगत होता. शोधनिबंध थांबवला आहे. त्या उलट्या खोक्यावर उभं असलेलं सीनियरचं तीन वर्षांचं काम गेलं. त्याने माझ्याकडून किल्ली मागून घेतली. प-सातला आता तो पाणी घालतो, न-तीन म्हणून.

मग मॅडमनी खाली वाकून दुसरा एक अर्ज काढला. दात्याचा. दादाची बहीण म्हणून तुझी कातडी देशील का, म्हणाल्या. नाही म्हणालीस तरी चालेल. मी हो म्हटलं. आता मी तिथे विद्यार्थिनी नाही, नमुना आहे.

काल डाव्या दंडातून तुकडा काढला. आधी बधिर करायची सुई दिली. डॉक्टर म्हणाले, "आता काही कळणार नाही." मी म्हटलं, मला तसंही कळत नाही. ते हसले, त्यांना विनोद वाटला. दोन टाके पडले. संध्याकाळी सुईचा असर उतरला आणि दंड ठणकायला लागला. मी ओट्याला धरून उभी होते. वहिनी, मी रडले. भांडी तशीच टाकून, नाक गळेपर्यंत, आवाज करून रडले. वरच्या मजल्यावरच्यांनी रेडिओ बंद केला. दंडाच्या दोन टाक्यांसाठी इतकं कुणी रडत नाही, एवढं मलाही कळतं.

त्याच्या शेवटच्या काही पेशी होत्या आणि मी त्या माझ्या हाताने मारल्या. तू शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसलीस, त्याचा हात हातात धरून. आणि मी हे केलं. मला माफ कर.

तुझी


२९ एप्रिल

वन्सं,

ढब्बूला नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यांवर हातोडी मारली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालवलं. म्हणाले, आज काही नाही, पुढच्या वर्षी आणा. "आज काही नाही" एवढंच मिळतं तिथे. मी घेतलं. बाहेर आल्यावर ढब्बूने विचारलं, बाबांना हेच झालं होतं का, आणि मी हो म्हटलं. ताप आला होता असं दोन वर्षं सांगत होते. ती म्हणाली, "मला माहीत होतं, तापात माणूस चमचा का सोडेल?" कुणाची मुलगी आहे शेवटी.

जागा माझ्या सल्ल्याने गेली, हे मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस, अधूनमधून ऐकवत जा. मला तेवढाच आधार.

आता ते माफीचं. तू लिहिलंस, मी त्याचा हात हातात धरून बसले होते. सगळ्यांना मीच तसं सांगितलंय. तुला, आईंना, ढब्बूला.

नव्हते धरून.

मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. त्याचा श्वास नीट चालला होता, निदान मला तसं वाटलं. मी दुकानात फोन करायला व्हरांड्यात गेले, आज येत नाही म्हणून. मालक म्हणाले, दोन चष्म्यांची पाकिटं सापडत नाहीत. मी सांगत बसले, दुसरा कप्पा, तिथे नसेल तर गल्ल्याच्या मागे. ते शोधून येईतो मी फोन धरून उभी. मला राग येत होता की एवढं साधं यांना सापडत नाही. चार मिनिटं झाली असतील. परत आले तर नर्स खिडकी लावत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाली.

मग मी खुर्ची ओढली, बसले, त्याचा हात उचलून माझ्या हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने तुम्हाला फोन केला. तुम्ही आलात तेव्हा मी तशीच बसलेली होते. तू ते बघितलंस आणि तसं धरून चाललीस.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू सांगितलंस म्हणून मला सांगता आलं. आता लिहिताना रडतेय, ढब्बू दारात उभी राहून बघतेय. बघू दे.

तू काय मारलंस आणि मी कुठे नव्हते, याचा हिशेब आपण दोघी करत बसलो तर आयुष्य पुरणार नाही. नाही करायचा. शनिवारी ये. टाके इथल्याच दवाखान्यात काढून घेऊ.

तुझी वहिनी